सायकल ट्रॅकवरच्या कुरडया

माझी बायको हेमा एका मंगळवारी गेली.

तेराव्यानंतर मी कामावर रुजू झालो. शहरातल्या बस, सायकली आणि पायी चालणारे यांच्या वाटा आखणं हे माझं काम. आमच्या कॉलनीसमोरचा सायकल ट्रॅकही मीच आखलेला. कुणी वापरत नसेल तर तिथं मोटारी उभ्या करू द्यायच्या, असं ऑफिसात घाटत होतं, म्हणून सकाळी पाहायला गेलो. ट्रॅक पूर्ण वापरात होता. शेजारच्या सुमनवहिनींनी त्यावर जुन्या साड्या अंथरून कुरडया घातल्या होत्या.

"वहिनी, हा सायकलींसाठी आहे हो."

"मग मी कुठं अडवलंय? तेच मेले येत नाहीत!" त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, जागा तुमच्या हेमानंच दाखवली. म्हणाली, इथं ऊन दिवसभर असतं आणि आमच्या ह्यांच्या कृपेनं कुणी फिरकत नाही."

मला हसू आलं. माणूस एका जागेहून निघतो आणि दुसऱ्या जागी पोचतो, एवढंच आम्ही नकाशात धरतो. तो वाटेत थांबेल, गप्पा मारेल, काही वाळत घालेल, याला आमच्याकडे रंगच नाही. हेमा दूध आणायला निघाली की चार दारांशी थांबून यायची, आणि मी घरी चहासाठी खोळंबायचो.

ट्रॅक रोज वापरला जातो, असं मी साहेबांना सांगितलं. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

ट्रॅक वाचला. हेमानं गेल्या उन्हाळ्यात घातलेल्या कुरडयांचा अर्धा डबा घरात आहे. मला त्या तळता येत नाहीत.