राहीबाईचा डबा

गहिनीनाथ नगरच्या म्युनिसिपालटीच्या आगीच्या बंबावर होता तेव्हा त्याचा थाट होता. बंब निघाला की टांगेवाले घोडी बाजूला घ्यायचे. पुढे कोपरगाव भागातल्या एका साखर कारखान्याने स्वतःचा बंब घेतला आणि गहिनीनाथ तिकडे लागला. बंब कसला, ट्रॅक्टरमागे जोडायची पाण्याची टाकी आणि तिच्यावर एक कुरकुरणारा पंप. बाकी कामगार त्याला म्हणायचे, आग लागत नाही तोवर झोपायचा पगार घेतोस. गहिनीनाथला मात्र स्वस्थ बसवतच नसे. त्याच्या पायाला भिंगरी होती आणि डोळ्यांपुढे सदानकदा एकच चित्र होतं, ते म्हणजे ऊसतोड्यांचा तळ.

तळ म्हणजे कारखान्यामागच्या माळावर उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोप्या. एकीला एक खेटून, रांगाच्या रांगा. भिंत पाचटाची, छप्पर पाचटाचं, आणि आत तीन दगडांची चूल. पाथर्डीकडची माणसं पोटासाठी यायची, सहा महिने त्यात राहायची आणि पहाटेच उसाच्या फडात निघून जायची. मागे उरायची म्हातारी, काही बाया आणि तान्ही पोरं. आग लागल्यावर धावणारा बंबवाला सगळ्यांना आवडतो. आग लागायच्या आधीच दारात येऊन उपदेश करणारा कोणालाच आवडत नाही. तरी हा रोज दुपारी सायकल काढायचा आणि कोप्याकोप्यांतून सांगत फिरायचा, चूल बाहेर मांडा, निखाऱ्यावर माती टाका, दोन कोप्यांत अंतर ठेवा. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि चूल आतच ठेवायच्या. बाहेर वारा लागतो, सरपण जास्त जळतं, हे त्यांचंही खरंच होतं.

त्याने साहेबांकडे तळासाठी घंटा मागितली. साहेब म्हणाले, "पाचटाच्या खोपटाला घंटा? उद्या पंखाही मागशील." गहिनीनाथने हात टेकले नाहीत. त्याने कँटीनमधून रॉकेलचे रिकामे डबे मिळवले, प्रत्येक रांगेच्या तोंडाशी खांब रोवून एकेक डबा टांगला आणि शेजारी लाकडी दांडकं बांधलं.

सत्तर-एकाहत्तरचा हंगाम नुकताच लागला होता, दिवाळी सरली होती. पहिल्या रांगेचा डबा राहीबाईच्या वाट्याला आला. तिचा मुलगा आणि सून मनकर्णा फडात जायची, आणि राहीबाई नातीला सांभाळायची. नात आत झोळीत, आजी दारात उन्हाला. गहिनीनाथने तिच्या हातात दांडकं दिलं तेव्हा ती म्हणाली, "या वयात मला पाखरं हाकाया बसवता व्हय?"

सगळ्या बाया हसल्या. गहिनीनाथही पोट धरून हसला. मग त्याने तिला नीट सांगितलं, "आजी, धूर दिसला की डबा बडवायचा. आत शिरायचं न्हाई. पेटलं पाचट आंगावर बसतं, मानूस गुदमारतं. मानसं येतील. ती येस्तोवर हात थांबवायचा न्हाई."

"न्हाई थांबवत," राहीबाई म्हणाली.

आणि त्याच दिवशी त्यांनी करून पाहिलं. राहीबाईने डबा बडवला. माळ शांत होता, आसपासच्या रानात ज्वारी जेमतेम गुडघ्याला लागली होती. आवाज थेट फडात गेला आणि कोयते टाकून गडी धापा टाकत आले. काही नाही हे कळल्यावर त्यांनी गहिनीनाथला शिव्या घातल्या. त्या शिव्या त्याला पेढ्यासारख्या लागल्या. त्या दिवसापासून तो निर्धास्त झाला.

संक्रांत झाली. ज्वारी दाण्यात आली, हुरड्याचे दिवस आले. रानारानात डबे बडवून पाखरं हाकायला मचाणं उभी राहिली.

त्या दुपारी गहिनीनाथ बंबाच्या शेडपुढे कॅनव्हासचे पाइप उन्हात पसरत होता. चहूकडून डबे वाजत होते. वाजायचे, थांबायचे, पाखरांचा थवा उठून दुसऱ्या रानात बसला की तिकडचा डबा वाजायचा. ते ऐकून त्याला बरंच वाटत होतं, रान नांदतंय असं. त्यातला एक डबा मात्र थांबत नव्हता. एकसारखा, हात न थांबवता. गहिनीनाथच्या मनात आलं, कोणाच्या तरी रानात मोठा थवा उतरलेला दिसतो. त्याने दुसरा पाइप उलगडला.

मग त्याने मान वर केली. तळाच्या अंगाला धूर होता.

धूर काळा नव्हता, पिवळट होता. पाचटाचा. तो ओरडला, ट्रॅक्टर जोडला, आणि फाटकाशी येऊन अडला. उसाच्या गाड्या वजनाला खोळंबल्या होत्या, बैल सोडलेले, जू जमिनीवर टेकलेलं. गाडीवान धावले, बैल जुंपायला लागले, बैल बिथरले. कोणाचीच चूक नव्हती. गहिनीनाथ खाली उतरून भरल्या गाडीला खांदा लावत होता. भरली गाडी एका माणसाच्या खांद्याने हलत नाही, हे त्यालाही कळत होतं.

बंब पोचला तेव्हा पहिली रांग जमिनीला मिळाली होती. त्याने पाणी मारलं ते राखेवर. फडातले गडी त्याच्याही नंतर आले, तेही धूर बघून. दुसऱ्या रांगेतल्या बायांनी पोरं पाटाकडे पळवली होती, ती वाचली. राहीबाई खांबापाशी उभी होती. डबा चेपून गेला होता आणि ती अजून तो बडवत होती. मनकर्णा आली, तिने झोळीची जागा पाहिली आणि तिथेच बसली. तेव्हा कुठे कोणीतरी म्हातारीच्या हातातलं दांडकं काढून घेतलं.

गहिनीनाथ तिच्यापुढे गेला. का गेला, काय बोलणार होता, त्यालाच ठाऊक नव्हतं.

"तुमी म्हनला तसंच केलं," राहीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर त्याला सोसला असता. "पयलं नुस्ता धूर हुता. पोर जाऊन आनली आसती. पर तुमी म्हनला, आत शिरायचं न्हाई, मानसं येतील. लई वाजवला. तुमाला आयकू आला न्हाई का?"

"आला हुता, आजी."

"मंग?"

कारखान्याने त्याला बोल लावला नाही, तळावरच्या लोकांनीही नाही. पुढच्या हंगामात कोप्या पुन्हा तिथेच पडल्या, पाचटाच्याच, खेटून. राहीबाईच्या घरचं कोणी आलं नाही.

गहिनीनाथ बंबावरच राहिला. दर वर्षी ज्वारी दाण्यात आली की मचाणावर डबे वाजू लागतात. घास ताटात ठेवून तो उठतो, बाहेर येतो, चारी बाजूंना बघतो. धूर नसतो. त्याची बायको मुक्ताबाई म्हणते, "पाखरं हाकत्यात, जेवा." तो हात धुऊन पुन्हा बसतो. पलीकडच्या रानात डबा वाजतो, आणि तो पुन्हा उठतो.