आठव्यातली

गरोदर बाईच्या पायाला सूज आली की आमच्या जोहे गावात घरोघरी डॉक्टर तयार होतात. "पाणी उतरलंय गो, पहिलटकरणीला येतंच." जोडवी रुतायला लागली म्हणून मी ती साबण लावून काढली, तर त्यावरही कुजबूज. सवाष्णीने जोडवी काढली म्हणे. बोटं काळीनिळी पडली असती तर बहुतेक चाललं असतं.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सरळ सांगितलं होतं. रक्तदाब चढलाय, लघवीतून प्रथिनं जातायत. गोळ्या चुकवायच्या नाहीत, तपासणीला येत राहायचं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर घरी थांबायचं नाही. मी ते पाठच केलं.

मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवते. आठव्या महिन्यात एका दुपारी बुबुळाभोवती रेघ फिरवताना एकीच्या दोन रेघा दिसायला लागल्या, मग ठिणग्या. डोकं सकाळपासून ठणकत होतंच. ब्रश ठेवला, घरी आले आणि सासूबाईंना म्हटलं, पेणला जायचं.

"जरा पड, उतरंल," त्या म्हणाल्या.

मी पडले नाही, रिक्षा बोलावली. बडबडत का होईना, त्याही सोबत आल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच बाळ बाहेर काढावं लागेल, नाहीतर झटके येतील, दोघांच्याही जिवाला धोका आहे. सासूबाईंनी हात जोडले. "सातव्यातला पोर जगतो, नवव्यातला जगतो. आठव्यातला नाय जगत. नववा लागंपर्यंत थांबवा."

नवरा रोह्याला कंपनीत शिफ्टवर होता. फोनवर त्याने पहिला प्रश्न केला, "आई काय म्हणते?" माझं टाळकंच सरकलं. भीती तर वाटत होतीच. पण राग भीतीपेक्षा मोठा होता.

"आई," मी सासूबाईंना म्हटलं, "मीच राहिले नाही तर नववा महिना कुणाच्या पोटात भरणार?"

मी संमतीच्या कागदावर सही केली.

मुलगी झाली, ओंजळभर. बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली. माझा रक्तदाबही लगेच उतरला नाही, गोळ्या चालूच होत्या. पण दोघी घरी आलो.

बारशाला बायका जमल्या. कुणीतरी विचारलं, कितव्यात झाली? सासूबाई म्हणाल्या, "नववा लागलाच व्हता." म्हण खोटी पडू नये म्हणून पोरीचा महिनाच बदलला.

"आठव्यात झाली," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "थांबले असते तर आज तुम्ही इथे दुसऱ्याच कामाला जमला असता."

"शुभ दिवशी असलं बोलू नये गो," सासूबाई म्हणाल्या.

"मग कधी बोलू?"

शेजारची सून भिंतीला टेकून बसली होती. पोट वर आलेलं, पावलं टम्म फुगलेली, कपाळ हाताने दाबलेलं. तिची सासू कुणाला तरी सांगत होती, "आठवा सरू दे, मंग दाखवू डॉक्टरला."

मी पोरीला कुशीत घेतलं आणि त्या सुनेजवळ जाऊन बसले. विचारलं, डोकं कधीपासून दुखतंय?

तिने सासूकडे बघितलं.

"तिकडे नको बघू," मी म्हणाले. "मला सांग."