झोपेचा रकाना

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांत मला चूक सापडते. कुणी अमावस्या म्हणून सांगतं, पंचांग काढून बघावं तर त्या दिवशी पंचमी. कुणी अर्ध्या तासात गाठलेलं अंतर दोन तासांचं निघतं. माझी नोकरी आकड्यांची, स्वभावही तसाच. भूत, भानामती, अंगात येणं यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण एक कागद माझ्या ट्रंकेत आहे आणि त्याचं काय करावं ते मला कळत नाही... म्हणून लिहितोय.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी बदली नव्या कचेरीत झाली. बायको-मुलांसह मी लातुरात गंजगोलाईजवळ भाड्याने राहायचो आणि शनिवारी दुपारच्या बसने एकटा गावी जाऊन यायचो. गाव रेणापूरच्या अलीकडे, फाट्यापासून दोन किलोमीटर. तिथे आई आणि माझ्या धाकट्या भावाची, काशिनाथची बायको गिरिजा, दोघीच असायच्या. काशिनाथ फौजेत नाईक होता. पाऊस दोन वर्षं नीट झालेला नव्हता. गावाला पाणी टँकरचं.

त्या उन्हाळ्यात काशिनाथ मिलिटरी हॉस्पिटलमधून चार आठवड्यांच्या सिक लीव्हवर आला. पोस्टिंगवर काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही. सोबत डॉक्टरांनी दिलेला एक टाइप केलेला कागद होता — अठ्ठावीस दिवसांच्या अठ्ठावीस ओळी आणि चार रकाने : झोप किती तास, जेवण, दचकतो का, एकटा बसतो का. घरातल्या शिकलेल्या माणसाने तो रोज भरायचा आणि शेवटी सही करायची. रजा संपली की या कागदावरून डॉक्टरांचं बोर्ड ठरवणार होतं — ड्यूटीवर पाठवायचं, की आणखी उपचारांसाठी ठेवून घ्यायचं.

पहिल्या रविवारी सकाळी टँकर आला. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला आणि घागरींच्या रांगेत उभा असलेला काशिनाथ धाडकन जमिनीवर पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर.

"काय फौजी," शेजारचा एकजण म्हणाला, "नंबर लावायला घागर पुरंना का, सोताच आडवा झालास?"

सगळे हसले. काशिनाथही हसला, कपडे झटकून उठला. पण घरी येताना त्याच्या घागरीतून पाणी सांडत होतं, आणि त्या वर्षी आमच्या गावात कुणी पाणी सांडत नव्हतं.

दुपारी मी कागद घेऊन बसलो.

"काय लिहायलास?" आईने विचारलं.

"किती तास झोपतो, ते विचारलंय."

"झोपतो की चांगला. मी बघते न्हवं." आई ओसरीवर निजायची आणि तिला कमी ऐकू यायचं.

"अण्णा, सात लिही," काशिनाथ म्हणाला.

"खरंच सात?"

"तू लिही सात. मला परत जायचंय. हितं सगळे माझ्याकडं बघायलेत. तिथं कुणी बघत न्हाई."

"अन् वाईट लिहिलंस तर घरी बसवतील त्याला," आई म्हणाली. "मग पोरीला येड्याची बायको म्हनतील. ऐकवंल का तुला?"

'पोर' म्हणजे गिरिजा. ती स्वयंपाकघराच्या दाराआड होती. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिरापुढे येत नाही, बोलत तर नाहीच. सहा वर्षांत तिचा आवाज मी फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता. तिला विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मी लिहिलं. कचेरीत आठवड्याचं हजेरीचं मस्टर एकदम भरतात तसं, दर रविवारी सात दिवसांचं एकदम. सगळीकडे सातच दिसले तर संशय येईल म्हणून सहा, साडेसहा, सात असं फिरवून लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खोटा आकडा लिहिला नव्हता, पण तो खरा दिसावा कसा हे मला नेमकं माहीत होतं. खाली कार्बन घालून प्रत काढली, कारण प्रत ठेवल्याशिवाय माझ्या हातून कुठलाही कागद बाहेर जात नाही. रजा संपली तेव्हा बेरीज केली — एकशे ब्याऐंशी तास, सरासरी साडेसहा. सही करून मूळ कागद काशिनाथला दिला.

महिन्याभराने त्याचं पत्र आलं. बोर्डाने फिट केलं होतं. 'तुझ्या अक्षराची डॉक्टरसाहेबांनी तारीफ केली,' असं त्यात होतं.

पत्र फाइलला लावताना माझी नजर प्रतीवर गेली.

झोपेच्या रकान्यात दोन होते. दीड होते. अडीच, तीन, पुन्हा दोन. एका ओळीत शून्य. तारखा, जेवण, बाकीचे रकाने, सही — सगळं मी लिहिलं तसंच. फक्त हा एक रकाना वेगळा, आणि अक्षर माझं. बेरीज केली : एकोणसाठ तास. कागद उजेडात धरून बघितला. कुठे खाडाखोड नव्हती, खरवडल्याची खूण नव्हती. फाइल माझ्या कुलपात असते. कार्बनमध्ये वर दाबलेलं तेच खाली उमटतं, दुसरं काही उमटू शकत नाही.

ही प्रत हॉस्पिटलला पाठवावी असं त्याच दिवशी मनात आलं. पाकिटावर पत्ताही घातला. पण सोबत काय लिहायचं? पहिला कागद खोटा होता, त्यावर सही माझी आहे, हे लिहावं लागणार. शिवाय काशिनाथला ते नको होतं. उद्या बघू म्हणालो. असे अकरा उद्या झाले.

बाराव्या दिवशी तार आली. काशिनाथ गेला. त्याने ते स्वतःच्या हाताने केलं, यापेक्षा जास्त मी इथे लिहिणार नाही.

पुढे चौकशीचं पत्र आलं, घरच्या नोंदीची प्रत असल्यास पाठवा म्हणून. काही कागदांवर आईचा अंगठा हवा होता, म्हणून मी फाइल घेऊन गावी गेलो. दुपारची वेळ होती, आई आत पडली होती. ओसरीवर कागद पसरून मी बसलो होतो. गिरिजा चहाचा कप न्यायला बाहेर आली आणि थांबली. चौथीपर्यंत शिकलेली, आकडे आणि तारखा तिला वाचता येत होत्या. ती खाली बसली आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"व्हय..." ती स्वतःशीच पुटपुटली. "ह्या दिशी दोन. ह्या दिशी दीड. हितं डोळाच लागला न्हाई..."

बोट एकेक ओळ खाली सरकत गेलं, शेवटपर्यंत. ती कुठेही अडली नाही. मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. पदर घसरला होता, तो सावरला नाही.

"त्यांचं घड्याळ उशाशी घेऊन मी मोजत व्हते, भाऊजी. तुम्ही आत्याबाईंमार्फत तरी इचाराल म्हणून. कुणीच इचारलं न्हाई." मग म्हणाली, "म्हंजी तुम्हाला ठाऊकच व्हतं."

"नाही गिरिजा. मला ठाऊक नव्हतं. मी सात लिहिलं होतं."

माझी बाजू म्हणून हे वाक्य माझ्या तोंडून गेलं.

"सात?" तिचा आवाज चढला.

"कोण बोलायलंय?" आईने आतून विचारलं. गिरिजाने कप उचलला आणि ती आत गेली.

चौकशीला मी खरं काय ते लिहून कळवलं, प्रतीची नक्कल जोडली. मूळ कागदावर एकशे ब्याऐंशीच तास आहेत, असं उत्तर आलं. गिरिजा उदगीरकडे माहेरी गेली ती परत आली नाही. मीही बोलावण्याचं धाडस केलं नाही. प्रतीवरचे आकडे मीच नकळत लिहिले असतील असं एक डॉक्टर म्हणाले. तसं धरलं तरी तिने मोजलेले तास माझ्या हाताला कुठून कळले? याचा खुलासा मला सापडलेला नाही. कुणा वाचकाला सुचला तर जरूर कळवावा. खालचे आकडे कुणी लिहिले हे मला माहीत नाही. वरचे मी लिहिले.