सालूची खळ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पीठ चाळायचं. वाटीभर गव्हाचं पीठ. दुष्काळाचं साल, रेशनला लाल मिलो ज्वारी, आणि ही माझी बायको दोन महिने मूठ-मूठ गहू राखून बसलेली. जुन्या लुगड्याचा तुकडा डब्यावर ताणून मी टोकं धरायची आणि तिनं वरून पीठ सोडून बोटं फिरवायची, अशी आमची रीत.

"हालू नका," ती म्हणाली. "थंडी वाजती का राग आलाय?"

"राग," मी म्हणालो. "लोक सरकारी सुकडीवर दिस काढत्यात आन् तू गहू कागदाला चारतीस."

"माझ्या वाटनीची चपाती हाय ती. तुमच्या ताटातली न्हाई काढली."

डबा फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळाच्या रांगेत हंड्याला टेकून बसली. बायकांना वाटलं, दमली असेल. रांग पुढं सरकली, ती सरकली नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. भिंगारला छावणीच्या पाण्याच्या पंपावर जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण सालोमीला, म्हणजे आमच्या सालूला, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ती थोडी तरी कळावी म्हणून बसलोय. ती गेली त्याला वर्ष होत आलं.

नाताळ म्हटलं की लोकांना करंज्या आठवतात. सालूचा नाताळ चांदणीपासून सुरू व्हायचा. आठ टोकांची चांदणी, मधे लाल कागद, कडेनं पांढरा, खाली कातरलेली झालर. तिचा बाप शेवगावकडं मिशनच्या शाळेत शिपाई होता, तो अशी करायचा. कळकाच्या काड्यांचा सांगाडा वर्षभर आमच्या माळ्यावर पडून असे. डिसेंबर लागला की तो खाली यायचा, सैल झालेल्या गाठी पुन्हा बांधायच्या, नवा कागद चढवायचा. विकतची तिला चालत नसे. एकदा मी नगरच्या बाजारातून चकचकीत चांदणी आणली. तिनं उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाली, "झ्याक हाय. मोरीवर लावा."

कागद लावताना तिचे हात बघण्यासारखे असत. "कागूद वढायचा न्हाई, निजवायचा. लेकरू निजवतो तसा," असं म्हणायची. आणि टोक जरा तिरकं झालं आणि मी बोट दाखवलं की ठरलेलं उत्तर, "चांदनी वाकडी चालंल, दार अंधारं चालायचं न्हाई."

आता योहानचं सांगतो. न सांगून भागणार नाही.

योहान तिच्या गावचा. नगरला एका छापखान्यात बाइंडर होता, वह्या-रजिस्टरं बांधायचा, आणि राहायचा आमच्याच आळीत. तिच्या बापाच्या हाताखाली दोघं लहानपणी चांदणी करायला शिकलेली. म्हणून नाताळाआधी चार दिवस हा आमच्याकडं यायचा. नवरा असून मी चारचौघांत तिचं नाव घेत नव्हतो, आणि हा दारातूनच ओरडायचा, "सालू, खळ झाली का गं?" लग्न त्यानं केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला ठाऊक आहे असं धरूनच चाललो होतो.

माझ्याकडं काम एकच, कागद चिकटवायची पिठाची खळ चुलीवर ढवळायची. खळ घट्ट होत आली की योहान यायचा. खिशातून एक कागदाची पुडी काढायचा आणि सालूच्या तळहातावर ठेवायचा. बोलणं नाही, काही नाही. ती मूठ मिटायची. ते दिसलं की मी उलथनं टाकून सरळ पंपावर जाऊन बसायचो. दरवर्षी. असं वीस वर्षं.

पुडीत काय असेल? सुपारी? अत्तराचा फाया? त्यांच्या गावचं काही, जे मला कळणार नाही असं? मी विचारलं नाही. विचारलं म्हणजे हरलो, असं मला वाटायचं. परत यावं तर दोघं सांगाड्यावर वाकून बसलेली, हाताला खळ, आणि सालू हसतीय. वर्षभरात माझ्याशी हसली नसेल तेवढी त्या चार दिवसांत हसायची.

एकदा मी त्याच्यासमोरच बोललो. "ह्यो काय आपल्या घरचा हाय व्हय?"

योहान खाली मान घालून काड्या बांधत राहिला. सालूनं कात्री ठेवली. "तुमाला मी वरीसभर हाय. ह्याला चार दिस चांदनी हाय, मी न्हाई. त्यातबी तुमचं पोट दुखतं व्हय?"

"दुखतं," मी म्हणालो.

"मग ववा खा."

योहान हसला. मला त्याचं हसणं जास्त लागलं.

तर ती गेली. मुलगी कोपरगावहून आली. माती दिल्यावर म्हणाली, "बाबा, यंदा चांदनी ऱ्हाऊ द्या. दुःखाचं घर हाय." आळीतली वडीलधारी माणसंही तेच म्हणाली. मी मान डोलावली. पण मुलगी माघारी गेल्यावर घरात मी आणि तो डबा, दोघंच उरलो. मी धरलेल्या कापडातून पडलेलं पीठ त्यात होतं. कागद तिनं कापून गादीखाली सपाट ठेवलेला. माझ्या मनात आलं, दार अंधारं ठेवायचं नाही. आणि दुसरंही आलं, ते खोटं कशाला बोलू? यंदाची चांदणी माझ्या एकट्याच्या हातची होईल. त्याचा हात लागणार नाही.

नाताळाला दोन दिवस होते. दुपारी योहान आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. हातात पुडी होतीच.

"दादा, कागूद तिनं कापलाय. आपुन दोघं मिळून..."

"माझ्या घरात आता कोन हाय तुझं?" मी म्हणालो.

 त्यानं पुडी खिडकीत ठेवली आणि गेला. चपला पायात घालायच्या विसरून हातात धरून गेला. मी पुडीला हात लावला नाही.

अर्ध्या पिठाची खळ शिजवली. कागद ओढला, फाटला. मग तिचं आठवून निजवायला लागलो, तर जमत गेलं. संध्याकाळपर्यंत आठही टोकं झाली. झालर वाकडी, दोन टोकं ढेपाळलेली. पण माझी. भिंतीला खिळ्यावर वाळायला लावली आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सकाळी उठलो तर खाली कागदाचा भुगा. कडा सगळ्या कुरतडलेल्या. जिथं जिथं खळ होती तिथं तिथं उंदीर आणि झुरळं बसली होती. दुष्काळात त्यांनाही गहू मिळाला नव्हता. सांगाड्याला चार चिंध्या लोंबत होत्या.

मी खाली बसलो. वीस वर्षं चांदणी रात्रंदिवस दाराला असायची, कधी एक भोक पडलं नव्हतं. मग नजर खिडकीकडं गेली. उठून पुडी उघडली.

निळी पूड. मोरचूद.

बाइंडर लोक खळीत घालतात, म्हणजे वह्यांना उंदीर-झुरळ लागत नाही. हे मला माहीत होतं. माझ्या घरच्या खळीत ते पडतं, हे माहीत नव्हतं. पडायच्या वेळी मी पंपावर जाऊन बसलेला असायचो. दोघांनी लपवलं काहीच नव्हतं. वीस वर्षं मी मोरचुदावर जळत होतो.

सांगाडा खांद्यावर घेतला. एका हातात पिठाचा डबा, पुडी खिशात. तिनं झालरीला म्हणून कापून उरलेला कागद होता तो काखेत. भर उजेडात आळीतून चाललो. लोक बघत होते. बघू दे.

योहान दारात दात घासत होता. मला पाहून चूळ भरली, तोंड पुसलं. सांगाड्याकडं पाहिलं.

"कागूद तू लाव," मी म्हणालो. "खळ मी करतो."

त्यानं स्टो पेटवून दिला. मी उरलेलं पीठ पाण्यात कालवलं, ढवळत बसलो. तो समोर बसून चिंध्या सोडवत होता. खळ घट्ट झाली. मी पुडी उघडली, चिमूट भरली.

"दादा, लई झालं," योहान म्हणाला. "सालूची चिमूट बारीक हुती. तुमची बोटं जाड हायत."

तिची चिमूट केवढी, ते ह्याला ठाऊक. उठून पंपावर जावं असं तेव्हाही वाटलं. मग अर्धी चिमूट परत पुडीत टाकली, उरलेली खळीत सोडली आणि ढवळायला लागलो.