तिवड्याभोवती

“लंगडतोय तर सोड त्याला. घरात म्हैस हाय की, तिलाच जुंप.”

काकू हसत म्हणाली. मी चहाची किटली घेऊन खळ्याच्या कडेला उभी होते. कुंभारवाड्याजवळच्या आमच्या वाडीत भाताची मळणी चालू होती आणि जोडीतल्या एका बैलाच्या खुराला लागलं होतं. ‘म्हैस’ म्हणजे काकूची नात, माझ्या चुलतभावाची मुलगी. आठ वर्षांची, अंगानं भरलेली.

खळ्यावर काम करणाऱ्या पोरांना तेवढंच पुरलं. दोघांनी तिचे हात धरले, तिसऱ्यानं दावं तिच्या कमरेला आवळलं आणि खळ्याच्या मधल्या खांबाला, तिवड्याला, दुसऱ्या बैलाशेजारी तिला बांधलं. तिचा बाप, माझा दादा, पोत्यावर बसून बघत होता.

“अंग झडंल जरा,” तो म्हणाला.

लहानपणी याच खळ्यात मलाही बांधलं होतं. मी रामनगरच्या इंग्रजी शाळेत चौथीत होते, सुट्टीला घरी आले होते. दादा तेव्हा दहावी नापास होऊन घरी बसलेला. दावं त्यानंच आवळलं.

“ए इंग्लिश म्हशी, चल! हैक्!”

ओली काठी पिंढऱ्यांवर बसली. मी धावले. दोर फ्रॉकवरून कातडीत रुतत गेला. शेवटी मी तोंडावर आपटले. ओठ फाटला, रक्त आणि भुसा एकत्रच तोंडात आला. शेजारचा बैल थबकला, उचललेला पाय त्यानं माझ्यावर टेकवला नाही. दादा मात्र मी उठेपर्यंत मारत राहिला. काकू भात पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, “हळू रे, भात बाहेर उडतंय.”

आईला मी सांगितलं, कुंपणात पडले. पिंढरीवरचा वळ गेलाच नाही. कॉलेजात कुणी विचारलं तर भाजल्याचं सांगायचे. आखूड कपडे मी घालत नाही आणि घरात माझा आवाजही कुणी फारसा ऐकलेला नाही.

“हैक्!”

आता एका पोरानं काठी हाणली. मुलगी रडली नाही. बापाकडे बघून हसायला लागली, आपणही या गमतीत आहोत असं दाखवायला. ते हसणं मला माहीत होतं. दुसरी काठी पाठीवर बसली तशी ती गुडघ्यांवर कोसळली.

किटली माझ्या हातातून सुटली. पायावर उकळता चहा सांडला, तरी मी खळ्यात शिरले, पोराला ढकललं आणि काठी हिसकावून मोडली.

“अगं, मस्करी हाय ती,” दादा उठत म्हणाला. “तुला काय झालं?”

मी सर्वांसमोर सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली.

“ही बघ तुझी मस्करी, दादा. अजून गेली न्हाई. पोरीचं दावं सोड. तुझ्या हातानं सोड.”