मीटरमास्तरांची अकरा पिल्लं

मीटरमास्तरांचा स्वतःच्या बोटांपेक्षा मीटरवर जास्त विश्वास होता. चाळीस वर्षं कारखान्यात वायरमनची नोकरी केलेल्या माणसाचा असणारच. बोटांवर विश्वास ठेवणारे वायरमन चाळीस वर्षं टिकत नाहीत. निवृत्तीनंतरही वीज तपासायचा तो छोटा मीटर शर्टाच्या खिशातच राहिला. घड्याळ बंद पडलं की सेल मोजायचे, इस्त्री तापली नाही की वायर मोजायचे, आणि काटा हलल्याशिवाय ‘कळलं’ हा शब्द उच्चारायचे नाहीत.

बायकोचं सगळंच उलट. दूध उतू जायच्या आधी ती दुसऱ्या खोलीतून उठून यायची. कसं कळलं विचारलं तर म्हणायची, “आवाज बदलला ना.” मास्तर यावर नुसती मान हलवायचे. असल्या गोष्टींना त्यांच्या लेखी पुरावा नव्हता.

कोंबड्या अर्थातच तिच्या. मागच्या अंगणातली खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसली, तिने अकरा पिल्लं काढली आणि तिसऱ्याच दिवशी बोक्याने तिला उचललं. त्याच दुपारी बायकोचं पोट दुखायला लागलं. दुखत ते महिनाभर होतं, पण बोलली ती त्या दिवशी. बसने दोन तासांवर असलेल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन, आणि पुढे आठ-दहा दिवस मुक्काम.

ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलेल्या बायकोने पहिला प्रश्न विचारला, “अहो, पिल्लं?”

“शेजारणीकडे ठेवलीत टोपलीत.”

“ती दिवसभर शिलाई मशीनवर बसते. तुम्ही घरी जा. इथे मला बघायला चार नर्स आहेत, तिथे त्यांना कोण आहे?”

मास्तरांनी बस पकडली. ज्या माणसाने अडतीस वर्षांच्या संसारात कुंडीला पाणी घातलं नव्हतं, त्याच्या गळ्यात अकरा पिल्लं पडली होती. शिवाय ती जगली नाहीत तर ते हिला कसं सांगायचं, या विचाराने त्यांना ऑपरेशनपेक्षाही जास्त धास्ती वाटत होती.

तरी वायर-बल्बचं काम अंगवळणी पडलेलं होतं. टीव्हीचं रिकामं खोकं घेतलं, सुताराकडून आणलेला भुसा तळाशी पसरला, वर आडवी काठी टाकून तिला होल्डर बांधला. ऊब देणारा साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब हवा होता. नवे पांढरे दिवे उजेडाचे, उबेच्या कामाचे नाहीत, हे मास्तरांना कोणी सांगायला नको होतं. तीन दुकानं पालथी घातली. “काका, ते आता कोण ठेवतं?” दुकानदार म्हणाला.

काका ठेवत होते. ‘हे भंगार एकदाचं टाका’ म्हणत बायकोने दर वर्षी बाहेर काढलेल्या आणि त्यांनी दर वर्षी परत आत नेलेल्या डब्यात नऊ बल्ब निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपलंच खरं होतं हे ऐकवायला बायको घरात नाही, एवढंच त्यांना खटकलं.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांची परीक्षा झाली. वीज कळत होती, पाणी कळत नव्हतं. बशीत पाणी ठेवलं तर एक पिल्लू त्यात उभं राहून चिंब भिजलं. मग प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडलं, ती भरून झाकण घट्ट लावलं आणि बशीत उभी केली; पिल्लं पितील तसं पाणी उतरत राहील असा हिशेब. पण भोक बशीच्या काठापेक्षा वर पडलं होतं. सगळी बाटली भुशात रिकामी झाली. दुसऱ्या बाटलीला भोक काठाखाली पाडलं, बशीत खडे टाकले म्हणजे पिल्लांना चोच बुडवता येईल पण आत उतरता येणार नाही. शेवटी बल्बशेजारी तापमापक टांगला, पारा पस्तिसावर आणला आणि हात झटकले.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. “कशी आहेत?”

“पस्तीस.”

“पस्तीस कुठून आली? अकरा होती ना?”

“तापमान गं. एकदम बरोबर चाललंय.”

“मग एवढी ओरडतायत का?”

“पिल्लं आहेत, ओरडणारच.”

सकाळी एका कोपऱ्यात सगळी पिल्लं एकमेकांवर चढून बसली होती. मास्तरांनी एकेकाला बाजूला केलं. सगळ्यात खालचं चिरडून मेलं होतं. पारा पस्तिसावरच होता. मास्तरांनी ते पिल्लू हातात घेतलं आणि बराच वेळ त्यांना ते कुठे ठेवावं हे सुचेना.

खोटं बोलायचं संध्याकाळपर्यंत मनात होतं, पण जमलं नाही. “एक गेलं,” त्यांनी फोनवर सांगितलं.

मग ती म्हणाली, “फोन खोक्यात धरा.”

मास्तरांनी गुडघ्यांवर बसून फोन खोक्यात धरला. मिनिटभराने तिने हाक मारली. “थंडी वाजतेय त्यांना. तो तापमापक कुठे टांगलाय?”

“बल्बच्या शेजारी.”

“आणि पिल्लं कुठे आहेत?”

मास्तरांनी खोक्यात वाकून पाहिलं. हातभर वर पस्तीस होतं, पिल्लं खाली होती. जिथे लोड आहे, म्हणजे जिथे वीज वापरली जाते, तिथे मोजायचं, हे न कळल्याबद्दल त्यांनी चाळीस वर्षांत कितीतरी हेल्परांना फैलावर घेतलं होतं.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” ती म्हणाली. “एकमेकांवर चढली की थंडी. लांब पळून चोच उघडी ठेवली की उकाडा. पाय पसरून झोपली की समजा, ऊब पुरली. आणि कान द्या. बारीक, उंच आवाज आला की काहीतरी बिघडलंय.”

मास्तरांनी बल्ब खाली घेतला, कोपऱ्यांत पुठ्ठे वाकवून लावले म्हणजे दाटी व्हायला जागाच उरू नये. तासाभराने खोक्यातला कलकलाट उतरला आणि नुसती बारीक कुजबुज राहिली. एकेक पिल्लू जिथल्या तिथे पाय पसरून आडवं झालं. त्यानंतर रोज संध्याकाळी पिल्लांचा आवाज तिला ऐकवायचा हा नेमच झाला. पुढे पुढे तिने सांगायच्या आधी मास्तरच सांगायला लागले, आज भूक आहे, आज पाणी संपलंय.

मग शेवटी विचारायचे, “तू कशी आहेस?” उत्तर ठरलेलं. “मी बरी आहे. जेवले.” अडतीस वर्षं हेच उत्तर होतं आणि मास्तरांनी ते वहीतल्या आकड्यासारखं उतरवून घेतलं होतं.

सहाव्या दिवशी ती म्हणाली, “मी बरी आहे. जेवले.” आवाज बारीक होता. आणि उंच.

मास्तर खोक्याजवळून उठले. “अगं, थंडी वाजतेय का तुला?”

“थोडी. पिल्लांना पाणी दिलंत?”

“कधीपासून वाजतेय?”

“ऑपरेशन झाल्यापासून.”

मास्तरांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिचं पोटही महिनाभर दुखत होतं, याच घरात, त्यांच्या समोर.

सकाळी त्यांनी खोकं शेजारणीच्या मशीनशेजारी नेऊन ठेवलं आणि बल्ब, बाटली, खडे असं सगळं समजावायला सुरुवात केली. “काका, तीन मुलं वाढवलीत मी,” ती म्हणाली. “जा तुम्ही.”

बायकोची खाट बरोबर एसीच्या झोताखाली होती. ती गुडघे पोटाशी घेऊन पातळ चादरीत मुटकुळं करून पडली होती.

“त्या काही बोलल्याच नाहीत हो,” नर्स म्हणाली.

“बोलत होती,” मास्तर म्हणाले.

खाट हलवायला जागा नव्हती. मास्तरांनी घरून आणलेलं ब्लँकेट तिच्यावर घातलं, रिपोर्टच्या फाइलचा पुठ्ठा काढला, खिशातली चिकटपट्टी काढली आणि स्टुलावर चढले. “काका, खाली उतरा आधी,” नर्स म्हणाली. पुठ्ठा एसीला चिकटवून झोत भिंतीकडे वळवल्यावरच काका उतरले. मग वाकून त्यांनी, जिथे ती होती तिथेच, उशीजवळ तळहात धरून झोत येतो का ते पाहिलं.

“पिल्लं कोणाकडे आहेत?” तिने विचारलं.

“शेजारणीकडे. दहाही ठीक आहेत.”

“बशीत खडे...”

“आहेत.”

तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. थोड्या वेळाने ब्लँकेटखाली हालचाल झाली आणि तिचे पाय हळूहळू खाटेच्या टोकापर्यंत पसरले.

मास्तर स्टूल ओढून बसले. भेटीची वेळ संपल्याचं नर्सने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते ‘हो’ म्हणाले आणि उठले नाहीत.