कुंडलिकचं तिसरं सोंग

माझ्या बांधाशेजारचा कुंडलिक तुम्हाला रस्त्यात भेटला तर नंतर आठवणार नाही. मध्यम उंची, मध्यम रंग, आणि मिशी अशी की मुद्दाम ठेवलीय की काढायची राहून गेलीय ते कळू नये. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथं भात लावणारा एक माणूस, एवढीच त्याची ओळख. आवाज इतका मऊ, की बैलाला हाकललं तरी बैलाला विनंती केल्यासारखं वाटावं. आणि अदब विचारू नका. लाईटबिल टाकायला आलेला पोरगा "येतो" म्हणाला, तरी हा पायरी उतरून "या, या, सावकाश जा" करणार. त्याची बायको सगुणाबाई आतून ओरडायची, "बिल घिऊन पुन्ना या म्हनताय व्हय त्याला?"

पण वर्षातला एक दिवस अख्खी वाडी याच कुंडलिकला टरकून असायची. चैत्रात देवीची जत्रा भरते, तेव्हा दैत्याचं सोंग निघतं. पंचवीसेक वर्षं तो दैत्य कुंडलिकच होता.

पाहुण्यांना आमचा दैत्य उलटा वाटतो, म्हणून सांगून ठेवतो. आधी तो रेडा असतो. पांगाऱ्याच्या लाकडाचं तोंड, खरी शिंगं, काथ्याची शेपूट. त्याच्याशी कुणीही बोललं तरी चालतं. पोरं शेपूट ओढतात, बाया सासूला द्यायच्या शिव्या त्याला देऊन मोकळ्या होतात. देवी त्याची शिंगं मोडते, मग तो सुळेवाला होतो. त्याला राख मारायची आणि पळायचं. देवी सुळेही पाडते. मग येतं तिसरं सोंग, आणि त्याला काहीच नसतं. दैत्य तोंड धुतो, भांग पाडतो, धुतलेला सदरा घालतो आणि माणूस होऊन वाडीत शिरतो. इथं देवीचंही चालत नाही, कारण माणसांत तो तिला ओळखू येत नाही. सगळ्यात जबर रूप ते हेच.

दिवस मावळेपर्यंत तो दारोदार फिरतो. प्रत्येक उंबऱ्यात घरातलं एक माणूस पाण्याचा तांब्या घेऊन बसतं. पाणी द्यायचं, त्याच्याशी बोलायचं नाही. त्याला उत्तर म्हणून एक शब्द जरी तोंडातून गेला तरी दैत्य वर्षभर त्या घरात मुक्काम ठोकतो म्हणतात. म्हणून तो तुम्हाला बोलतं करायला बघतो, आणि त्यात कुंडलिकचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर्षभर न बोललेलं सगळं त्या दिवशी बाहेर यायचं. एका साली त्यानं लेकरू हरवल्याचं सोंग असं आणलं, की दोन बाया हुंदके देत बसल्या. एकदा आमचे गुरव कोंडिबातात्या, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "खेळ संपला, आता बोला की" ही तर त्याची जुनीच चलाखी. एकदा म्हातारी फुलाबाई फसली. तिला म्हणाला, "काकू, चुलीवरलं दूध उतू चाललंय." ती म्हणाली, "अगं बया." झालं. त्याच पावसाळ्यात तिच्या लेकाचा, ज्ञानूचा पाय विंझर गावच्या वळणावर मोडला. वाडीनं दोन्हीची गाठ मारली, आणि पुढच्या जत्रेला सगळे दातावर दात ठेवून बसले.

ती पुढची जत्रा म्हणजे गेल्या सालचा चैत्र.

तिसऱ्या सोंगात पहिलं दार कुंडलिकचं स्वतःचं असतं, ओढ्याच्या पलीकडं, वाडीपासून जरा तुटून. सगुणाबाई उंबऱ्यात बसलेल्या. दरसाल त्या ओठ मिटून पोटात हसायच्या आणि त्यांचं पोट हललेलं बघून हाच खूश व्हायचा. त्यानं ठरलेलं म्हटलं, "बाई, लांबनं आलोय. घरात कोन हाय का?" त्या गप्प. तांब्या आडवा पडलेला, पाणी अंगणात गेलेलं. याला वाटलं, यंदा बाईंनी काहीतरी नवीन काढलंय. कौतुकानं बघत राहिला. मग त्याला दिसलं की तोंड एका बाजूला ओढलंय आणि त्या हात उचलू बघतात तर तो उचलत नाही.

मोबाईल होता, पण वाडीत कुठंच रेंज नाही. त्यानं बायकोला भिंतीशी निजवलं आणि धावत सुटला.

फुलाबाईचं दार आधी लागतं. "काकू, सगुणाच्या अंगावरनं वारं गेलंय. चला की, कुनाला तरी सांगा." फुलाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. नंतर ती मला म्हणाली, "बाबा, मला वाटलं मेला काय नट हाय."

दुसरं दार माझं. माझी बायको मंगल तांब्या घेऊन बसलेली. तिनं तो पुढं केला. त्यानं हातानं उडवला. "वैनी, पानी नगं, मानूस पायजे." मंगलनं तोंड फिरवलं. तिला वाटलं, यंदा लईच जमलंय.

मग तो देवळापुढं आला. तिथं आम्ही गडीमाणसं हलगीभोवती उभे होतो. तिसरं सोंग आलं की पाठ करायची, तशी सगळ्यांनी केली. त्यानं माऊलीचा शर्ट धरला. वाडीत टेम्पो आहे तो माऊलीचाच.

"माऊली, टेम्पो काढ, सगुणाला दवाखान्यात न्यायचीय. गळ्याशपथ. खेळ न्हाई ह्यो, खेळ संपला."

माऊलीनं एकेक बोट सोडवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "यंदा बायकूला बी कामाला लावली ह्यानं." चार जण तोंडावर हात ठेवून हसले. कुंडलिक जमिनीवर बसला, उठला, कोंडिबातात्यांच्या पायावर पडला. तात्यांनी पाय आखडून घेतले. पाय धरायचा प्रकार त्यांनी आधी बघितला होता. तो जितकं खरं बोलत होता, तितकं ते सोंगात चपखल बसत होतं.

मग आम्हा सगळ्यांकडं एकदा बघून तो देवळात गेला. बाहेर आला तो रेड्याचं तोंड डोक्यावर चढवून. खाली पांढरा सदरा, वर लाल डोळे आणि मोडकी शिंगं.

रेड्याशी बोलायला मनाई नाही. कोंडिबातात्याच पहिले बोलले, "आरं, आरं, सोंग माघारी फिरत न्हाई कंदी."

लाकडी तोंडाच्या आतून आवाज आला. "बोललात न्हवं तात्या? मग ऐका. सगुणा पडलीय. तोंड वाकडं झालंय तिचं."

हलगी थांबली. माऊली चावी काढतच पळाला.

सगुणाबाईंना टेम्पोत गोणपाटावर निजवलं. मी त्यांचं डोकं धरून बसलो होतो, कुंडलिक पायाशी. ते लाकडी तोंड अजून डोक्यावरच. वळणावळणाला शिंग फळीवर आपटायचं. विंझरच्या अलीकडं मी म्हटलं, "काढ की आता ते. गुदमरशील."

"काढल्यावर बोलशील का?" तो म्हणाला.

मी एरवी कुणालाही टोपी घालणारा माणूस. पण तेव्हा मी सगुणाबाईंच्या डोक्याखालचं गोणपाट सारखं करत बसलो. त्याला जे समजायचं ते तो समजला. ते तोंड त्यानं थेट हायवेच्या दवाखान्याच्या पायरीवर काढलं, वॉचमन आत सोडेना म्हणून. डॉक्टरनं तपासलं आणि विचारलं, एवढा वेळ का घालवला. आम्ही पाच जण होतो. कुणीच काही बोललं नाही.

सगुणाबाई वाचल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता त्या दिवसभर उंबऱ्यात टेकून बसलेल्या असतात, जिथं तांब्या घेऊन बसायच्या तिथंच. कुंडलिक शेतातून येतो, हातपाय धुतो, त्यांच्यापुढं बसतो आणि त्याच मऊ आवाजात दिवसभराचं सांगतो. कुणाचा बांध फुटला, कुणाची म्हैस व्याली. त्या ऐकतात, उत्तर देत नाहीत. मधूनच त्यांचं पोट हलल्यासारखं वाटतं. पण ते हसू असतं का धाप, हे त्यालाही सांगता येत नाही. मी विचारलं होतं.

यंदा जत्रेच्या आधी कोंडिबातात्या त्याच्या घरी गेले. माझा बांध त्याच्या कुंपणाला लागून आहे आणि मला कान आहेत, त्यामुळं सगळं ऐकलं. तात्या आधी भाताचं बोलले, मग पावसाचं, मग मुद्द्यावर आले.

"तिसरं सोंग औंदा दुसऱ्या कुनाला देतो. तुला तरास नगं."

"द्या."

"रेड्याचं तोंड तेवढं दे. तुझ्याकडंच राहिलंय."

ते सगुणाबाईंच्या मागं खुंटीला टांगलेलं होतं, छत्रीशेजारी. धूळ पुसलेली, मोडकं शिंग सुतळीनं बांधलेलं.

"ते हितंच ऱ्हाऊ द्या, तात्या."

"देवीची वस्तू हाय ती, कुंडलिक."

"व्हय. पन हिला पुन्ना काय झालं, तर मी कंचं तोंड घिऊन येऊ तुमच्याकडं?"

तात्यांनी चहा अर्धा ठेवला. उठले, उंबऱ्याबाहेर चपला घातल्या.

"येतो मग," ते म्हणाले.

कुंडलिकनं कोपऱ्यातला तांब्या उचलला, भरला आणि त्यांच्यापुढं धरला. बोलला काहीच नाही. तात्या पाणी हातात घेऊन बराच वेळ अंगणात उभे होते.